समुद्र दिसतो म्हणे, पण पायऱ्या किती?

प्रिय मावशी,

आम्ही म्युनिकला राहतो. जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत क्रोएशियाला जायचं ठरलंय. मी, नवरा, साडेचार वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. विमानाची तिकिटं काढून झाली, म्युनिक ते स्प्लिट आणि परत. तिथे गाडी भाड्याने घेणार आहोत. घोडं अडलंय ते राहायचं कुठे यावर. नवऱ्याला डुब्रोव्हनिकच्या तटबंदीच्या आतच राहायचंय. त्याने चौथ्या मजल्यावरचं घर बघून ठेवलंय, खिडकीतून समुद्र दिसतो. मैत्रीण म्हणते, ह्वार बेटावर राहिला नाहीत तर जाऊन काय केलंत? मला स्वतःला ओमिशच्या पुढचं एक अपार्टमेंट आवडलंय. 'समुद्रापासून १०० मीटर' असं लिहिलंय आणि गॅलरीतले फोटो फार सुंदर आहेत. सासऱ्यांना इतिहासाचं वेड आणि पहाटे चालायला जायची सवय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पूर्ण शाकाहारी, गुरुवारचा उपास. त्यांना विचारलं तर म्हणतात, "मला कुठेही चालेल." नवरा म्हणतो, तीन ठिकाणी तीन-तीन रात्री राहू, म्हणजे सगळ्यांचं होईल. पटत नाहीये, पण का ते सांगता येत नाही.

गोंधळलेली सून, म्युनिक

प्रिय सूनबाई,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुझं नाहीच, सासूबाईंचं आहे. "मला कुठेही चालेल." आपल्याकडे जी बाई असं म्हणते तिला बहुतेक वेळा कुठेही चालता येत नसतं. तिला तसं म्हणायची सवय लागलेली असते आणि घरच्यांना ते खरं धरून चालायची.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करते. गाव कुठलं, बेट कुठलं ते नंतर बघू. आधी दोन आकडे मिळव. अंथरुणापासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, आणि अंथरुणापासून पावाच्या दुकानापर्यंत पायऱ्या किती. प्रत्येक घराला हेच दोन प्रश्न विचार. बघ, तुमच्या यादीतली निम्मी घरं आपोआप गळतील.

डाल्मेशियाचा, म्हणजे तुम्ही जाताय त्या दक्षिण क्रोएशियाचा किनारा आपल्या डोक्यात असतो तसा किनारा नाही. गुहागरला कसं, रस्ता, घर, वाडी, सुरूचं बन, वाळू आणि समुद्र, सगळं एका पातळीत. आजी घरातून निघाली की चपला हातात घेऊन थेट पाण्यापर्यंत. इथे चुनखडीचे डोंगर सरळ समुद्रात उतरलेत. सपाट जमीन म्हणजे चिंचोळी पट्टी, बाकी सगळी गावं नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारखी एकामागे एक वर चढत गेलेली. त्यामुळे मागच्या रांगेतल्या घरालाही समुद्र छान दिसतो. किंबहुना जितकं मागचं आणि वरचं घर, तितका फोटो देखणा. गॅलरीतून अख्खा समुद्र पायाशी पसरलेला दिसला की समजावं, आपण उंचावर आहोत आणि ही उंची रोज दोनदा कुणाला तरी चढायची आहे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं गेलो होतो, मी, हे आणि माझ्या थोरल्या वन्सं. घर 'समुद्रापासून ८० मीटर'. खोटं नव्हतं ते, पाखराला ८० मीटरच होतं. माणसाला आधी गल्लीतल्या ७१ पायऱ्या उतरून हमरस्ता, तो जीव मुठीत धरून ओलांडायचा, मग पलीकडे आणखी ५० पायऱ्या. पहिल्या दिवशी वन्सं हौसेने उतरल्या. येताना तीनदा बसल्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी "तुम्ही जा, मी बसते निवांत" सुरू केलं आणि उरलेली सुट्टी गॅलरीत बसून काढली. घरमालकीण बिचारी चांगली होती, ताटलीभर अंजिरं आणून द्यायची. पण वन्सं समुद्राला गेल्या होत्या आणि समुद्रात पाऊल न टाकता परत आल्या. मला ते अजून लागतं.

तो हमरस्ता म्हणजे यद्रान्स्का मागिस्त्राला, एड्रियाटिक समुद्राच्या कडेकडेने जाणारा जुना महामार्ग. ओमिश ते मकार्स्का या टप्प्यात तो गावांच्या अगदी छातीवरून जातो. एक रांग घरं त्याच्या खाली, बाकीची वर. तू जे घर पसंत केलंयस ते नकाशावर उपग्रहाच्या चित्रात उघड आणि रस्ता कुठे आहे बघ. घर आणि समुद्र यांच्या मधून तो जात असेल तर साडेचार वर्षांची पोर, फुगवलेलं बदक आणि दुखरे गुडघे घेऊन तो ओलांडायचा विचार कर. फोटोत तो रस्ता कधीच नसतो, कारण फोटो त्याच्या डोक्यावरून काढलेला असतो.

मालकाला सरळ पत्र लिही, आणि जर्मनमध्येच लिही. डाल्मेशियात जर्मन चालतं, अगदी सत्तरीच्या आजी-आजोबांनासुद्धा. १९६८ साली युगोस्लाव्हिया (क्रोएशिया तेव्हा त्यातच होता) आणि पश्चिम जर्मनीत कामगार पाठवायचा करार झाला. तेव्हापासून या भागातली कितीतरी माणसं तुमच्या म्युनिक-स्टुटगार्टला राबायला गेली, आणि जर्मन मार्क साठवून गावी वरचे मजले चढवले. पाहुण्यांना खोल्या द्यायचा धंदा अनेक घरांत त्या मजल्यांवरच उभा आहे. तेव्हा लाजू नकोस. विचार: घर रस्त्याच्या वर की खाली? फाटकापासून दारापर्यंत पायऱ्या किती, दारापासून पाण्यापर्यंत किती? गाडी दारात लागते का? स्थानिक जाहिरातीत 'प्र्वी रेद दो मोरा' दिसलं तर अर्थ 'समुद्राला लागून पहिली रांग'. आणि 'प्रीझेम्ल्ये' म्हणजे तळमजला, हा शब्द पाठ कर. गोलमाल उत्तर आलं, "फार लांब नाही हो, पाच मिनिटं", तर ते घर सोडून दे. ज्याच्या घराला पायऱ्या नसतात तो मालक ते पहिल्याच ओळीत सांगतो.

आता नवऱ्याचं डुब्रोव्हनिक.

हट्ट चुकीचा नाही. ते शहर आहेच तसं. तटबंदी १,९४० मीटर लांबीची, वरून चालत शहराला पूर्ण फेरी मारता येते. एका बाजूला लाल कौलं, दुसऱ्या बाजूला समुद्र. पण बघणं वेगळं आणि आत राहणं वेगळं. तटबंदीच्या आत तुमची गाडी जात नाही. टॅक्सी तुम्हाला पिले नाहीतर प्लोचे दरवाज्याशी सोडणार, तिथून बॅगा ओढत. मधला स्त्रादुन हा चौक-रस्ता सपाट आहे, पण त्याच्या उत्तरेच्या गल्ल्या म्हणजे गल्ल्या नव्हेतच, दगडी जिने आहेत. 'खिडकीतून समुद्र' आणि 'चौथा मजला' हे शब्द वाचून मला तो जिना डोळ्यांसमोर आला. आधी गल्लीच्या पायऱ्या, मग इमारतीच्या, आणि या जुन्या दगडी घरांत लिफ्ट बसवायला जागाही नसते, परवानगीही सहजी मिळत नाही. शिवाय रात्री खालच्या टेबलांवरचा गलका, पहाटे माल उतरवणाऱ्या गाड्यांचा खडखडाट. नवरा-बायको दोघंच असतात तेव्हा यातही मजा आहे. पाच जणांच्या कुटुंबाला नाही.

डुब्रोव्हनिकमध्ये राहायचं तर लापादला राहा. उपसागराकडे उतरणारा तिथला पायी चालायचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं आणि उपाहारगृहं, शेवटी बारीक खड्यांची छोटी पुळण. तिथून जुन्या शहराला शहर बस आहे. मात्र लापाद म्हटलं की सगळं सपाट असं समजू नकोस, पायी रस्त्यापासून दोन गल्ल्या वर गेलीस की तिथेही जिनेच. दुसरा पर्याय त्साव्तात, डुब्रोव्हनिकच्या विमानतळाच्या बाजूचं शांत गाव. समुद्राकाठी सपाट फरसबंदी वाट, आणि जुन्या शहराच्या बंदरात जाणाऱ्या छोट्या बोटी. सासऱ्यांना पहाटे चालायला ती वाट स्वर्ग आहे.

बरं, सासऱ्यांना इतिहासाचं वेड आहे म्हणतेस म्हणून एक गंमत. डुब्रोव्हनिकचा रक्षक संत म्हणजे स्वेती व्लाहो, पोर्तुगीजांचा सां ब्राझ. जुन्या गोव्याजवळ, कुंभारजुव्याच्या वाटेवर याच संताच्या नावाचं एक चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात गोव्यात व्यापाराला आलेल्या डुब्रोव्हनिककरांशी त्याचं नातं जोडलं जातं. डुब्रोव्हनिकच्या दरवाज्यांवर हातात शहराची प्रतिकृती घेतलेला संत दिसला की त्यांना ही गोष्ट सांग. पुढचा अर्धा तास तुला काही बोलावं लागणार नाही.

ह्वारबद्दल मैत्रिणीशी भांडू नकोस, पण ती बहुधा ह्वारला तिशीच्या आत आणि पोराबाळांशिवाय गेली होती. ह्वार शहर रात्री जागतं. जूनअखेर तिथे पार्ट्यांचा हंगाम भरात असतो. आणि गाडी घेऊन जाणाऱ्यांची एक ठरलेली फसगत: स्प्लिटहून गाड्या नेणारी मोठी फेरी, तिला तिकडे 'त्रायेक्त' म्हणतात, ती ह्वार शहराला जात नाही. ती बेटाच्या दुसऱ्या बाजूला स्तारी ग्रादला लागते, सुमारे दोन तासांनी. ह्वार शहराला जाते ती कॅटामरान नावाची वेगवान बोट, त्यात फक्त माणसं. आणि 'युगो' म्हणजे आग्नेयेचा दमट वारा उठला की समुद्र खवळतो आणि कॅटामरानच्या फेऱ्या रद्द होतात. परतीचं विमान गाठायचं असताना बेटावर अडकलात तर सगळी सुट्टी विसरली जाईल, तेवढंच लक्षात राहील.

बेटाची हौस असेल तर दिवसभर जाऊन या. मकार्स्काहून ब्राच बेटावरच्या बोलला सहलीच्या बोटी जातात. समुद्रात जिभेसारखी घुसलेली, वाऱ्या-प्रवाहाप्रमाणे टोक वळवणारी झ्लात्नी रात नावाची पुळण तिथलीच. फक्त 'फिश पिकनिक' लिहिलेल्या बोटीचं तिकीट काढताना आठवण ठेव: बोटीवर बांगडे भाजतात, आणि वाऱ्याची दिशा सासूबाईंना विचारून ठरत नाही.

तर मग राहायचं कुठे? माझं मत विचारशील तर मकार्स्काच्या किनारपट्टीवर, बाश्का वोदा किंवा तुचेपी. मकार्स्का शहर नको, ते मधल्या आळीत गजबजतं आणि रात्री आवाज फार. ही दोन गावं त्याच्या दोन बाजूंना आहेत. दोन्हीकडे समुद्राला लागून लांब सपाट फरसबंदी वाट, कडेला पाइनची झाडं, झाडांच्या सावलीतच पुळण. सावली हा शब्द साधा वाटतो, पण जूनच्या दुपारी छत्रीच्या भाड्याशिवाय सावली मिळणं ही तिकडची खरी श्रीमंती आहे. मागे बिओकोवो डोंगर, १,७६२ मीटर, थेट समुद्रातून उठल्यासारखा. त्याचा फायदा असा की सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे सकाळी किनाऱ्यावर ऊन उशिरा पोचतं. लेकीला नाश्त्याआधी पाण्यात न्यायचं तर हीच वेळ. तोटा असा की दुपारनंतर सगळं ऊन समोरून, आणि जूनअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो. म्हणून झोपायच्या खोलीत एसी आहे ना हे विचार. 'एसी आहे' म्हणजे कित्येकदा दिवाणखान्यात एक आहे.

स्प्लिटच्या विमानतळावरून बाश्का वोदा साधारण सव्वा-दीड तास. नागमोडी किनारी रस्ता टाळून द्रुतगती मार्गाने झाग्वोझ्दपर्यंत या आणि तिथून बिओकोवोच्या पोटातल्या बोगद्यातून खाली उतरा. २०१३ साली तो सुरू झाला, चार किलोमीटरहून थोडा मोठा आहे. अंधारातून बाहेर पडलात की अचानक खाली समुद्र. लेकीला झोपू देऊ नका.

स्प्लिट शहर बाश्का वोदाहून तासाभरावर. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ. स. ३०५ मध्ये स्वतःहून गादी सोडून तिथे राहायला आला. त्याचा राजवाडा आज पडका अवशेष नाही, त्याच्यात लोक राहतात, दुकानं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळतात. निवृत्त सम्राट भाज्या लावत होता ही कथा सासऱ्यांना फार आवडेल. तिथे राहायचा मोह मात्र नको. शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेली फरशी, पाणी सांडलं की काचेसारखी. एक दिवस, तोही सकाळी लवकर, पुरे. लेकीला बाच्वित्सेच्या वाळूत सोडा. तिथे पाणी घोट्याएवढं बरंच आतपर्यंत, आणि माणसं पित्सिगिन खेळताना दिसतात, छोटा चेंडू पाण्याला लागू न देता हाताने उडवायचा, त्यापायी म्हातारेसुद्धा सूर मारतात.

आता तो तीन-तीन-तीनचा हिशेब. तुला का पटत नाही ते मी सांगते. घर दहाला सोडायचं, पुढचं घर दुपारी तीन-चारला मिळतं. मधले पाच तास उन्हात, बॅगांनी भरलेल्या गाडीत, पाच माणसं. दोनदा मुक्काम हलवलात की दोन दिवस गेले. शिवाय घर आपलंसं व्हायला तिसरा दिवस उजाडतो. चहाचं भांडं कुठे आहे हे सासूबाईंना न विचारता सापडायला लागलं की तुझी सुट्टी सुरू होते, आणि त्याच दिवशी तुम्ही निघणार! त्यापेक्षा सहा रात्री बाश्का वोदा नाहीतर तुचेपी, दोन रात्री लापाद किंवा त्साव्तात, शेवटची रात्र त्रोगिर. तीन ठिकाणं झालीच की, म्हणशील. झाली, पण पाळामुळांचं घर एकच. त्रोगिर विमानतळापासून अगदी जवळ आहे, आणि त्याचं जुनं गाव छोट्याशा बेटावर, जवळजवळ सपाट. परतीचं विमान दुपारनंतरचं असेल तर त्रोगिरही गाळा. आणि मालक शनिवार ते शनिवारच घर देतो म्हणाला, हंगामात तसं म्हणतात, तर सात आणि दोन करा.

डुब्रोव्हनिकच्या दोन दिवसांत बाप-लेकांना सकाळी तटबंदी उघडताच वर पाठव. दहानंतर दगड तापतो आणि जहाजांतून गर्दी उतरते. तुम्ही तिघी खाली पाण्यात. नवऱ्याला हवं ते शहर मिळालं, सासऱ्यांना बरोबर जायला मुलगा मिळाला. त्यांना जिना चढताना धाप लागते का तेवढं आधी बघून घे.

या प्रवासात एक गोष्ट मात्र राहायच्या जागेइतकीच महत्त्वाची आहे: सासू-सासऱ्यांच्या व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिलाय ते आजच बघ. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि युरोही तेव्हापासूनच, त्यामुळे म्युनिक ते स्प्लिट हा आता घरातल्या घरातला प्रवास. पण मकार्स्काच्या बंदरावर पाच-सहा टपऱ्यांवर तुम्हाला मोस्तारच्या सहलीची तिकिटं विकतील, लापादला कोतोरची. मोस्तार बोस्नियात, कोतोर मोंटेनेग्रोत, दोन्ही शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सकाळी तिकडे गेलेले आई-बाबा संध्याकाळी परत येऊ शकणार नाहीत. डुब्रोव्हनिकला जातानाही तीच काळजी. मध्ये नेऊमपाशी बोस्नियाचा चिमुकला किनारा आहे, सुमारे वीस किलोमीटर. १६९९ च्या तहात, तेव्हा वेगळं राज्य असलेल्या डुब्रोव्हनिकने व्हेनिसच्या धास्तीने ती पट्टी बोस्नियाच्या तेव्हाच्या राज्यकर्त्या तुर्कांना देऊन टाकली, आणि तीनशे वर्षांनी तिचा त्रास आपल्या गाडीला. २०२२ च्या जुलैत पेल्येशाट्सचा पूल झाला, आता क्रोएशियातूनच जाता येतं, टोलही नाही. तरी फोनमधली बाई कधीकधी नेऊमवरून काढते. तेव्हा मार्ग आधीच पुलावरून लावून घे.

आता खाणं. हॉटेल की अपार्टमेंट यात मी डोळे मिटून अपार्टमेंट म्हणेन, आणि कारण सासूबाईच. हॉटेलच्या नाश्त्याला अंडी, हॅम, चीज, पाव. दहा दिवस पाव-चीज खाऊन माणूस चिडचिडं होतं. गुरुवारी तर उपाशीच. आणखी एक, हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पोहण्याचेच कपडे लागतात, त्यावर टोकतात. समुद्रात सलवार-कुर्ता घालून बसलं तर कुणी ढुंकून बघत नाही.

अपार्टमेंट घेताना जाहिरातीत '४+१' किंवा '२+२' असे आकडे दिसतील. पहिला आकडा खऱ्या पलंगांचा, दुसरा दिवाणखान्यातल्या सोफ्याचा. '२+३' घेतलंत तर सासरे सोफ्यावर आणि रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्यांच्या उशाशी. तुम्हाला दार लागणाऱ्या दोन खोल्या हव्यात. न्हाणीघरात टब नको, जमिनीलगतचा शॉवर हवा; टबची कड ओलांडणं हे दुखऱ्या गुडघ्याला पन्नास पायऱ्यांसारखं. स्वयंपाकघरात बहुधा दोन शेगड्या असतात, त्याही काचेच्या, म्हणून तुझा सपाट बुडाचा लहान कुकर आणि तवा घेऊन जा. साबुदाणाही. दारावर तारे काढलेली निळी पाटी असली की घर नोंदणीकृत. मालक पासपोर्ट मागेल, सगळ्यांची नोंद सरकारी यंत्रणेत करावी लागते म्हणून. सासरे देताना कां-कूं करतील, त्यांना आधीच सांगून ठेव.

बाहेर जेवायचं तर ब्लित्वा माग, माठ-पालकासारखी पालेभाजी बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेलात. ती माशाच्या ताटलीत बाजूला असते, पण वेगळीही देतात. ओमिशच्या आसपास सोपार्निक मिळतो, दोन पातळ पोळ्यांमध्ये तीच भाजी भरून निखाऱ्यावर भाजलेला, गाडीच्या चाकाएवढा, चौकोनी तुकडे करून विकतात. सासूबाई म्हणतील, पराठाच की हा. 'बेझ मेसा, बेझ रिबे', मांस नको, मासा नको, एवढं दोघांनाही पाठ करून दे. बाजाराला स्प्लिटमध्ये 'पाझार'च म्हणतात, तेव्हा निम्मी भाषा येतेच. चहाला 'चाय' म्हणतात यावर मात्र हुरळून जाऊ नका. नुसतं 'चाय' म्हटलं की फळांचा लाल काढा येतो. चहापत्ती घरची न्या. रविवारी दुकानं उघडी असतीलच असं नाही. २०२३ पासूनच्या कायद्याने दुकानांना वर्षातले सोळाच रविवार मिळतात, म्हणून दूध-भाजी शनिवारीच भरून ठेव.

सासरे पहाटे चालायला जातील तेव्हा एक सांगून ठेव, म्हणजे नवऱ्याकडून सांगव. तुचेपीहून मकार्स्काकडे जाणारी रानातली पायवाट फार सुरेख आहे, पण मध्ये नुगाल नावाची पुळण लागते आणि तिथे काही मंडळी कपड्यांशिवाय ऊन खात असतात. जुनी पद्धत आहे त्या किनाऱ्यावर, कुणाला त्यात काही वाटत नाही. 'एफकेके' अशी पाटी दिसली की वळायचं की पुढे जायचं हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

आणि पाण्यात घालायचे रबरी बूट पाचही जणांसाठी म्युनिकलाच घे. पुळणी खड्यांच्या आहेत, पाण्याखालच्या खडकांवर काळे काटेरी गोळे असतात, पाय पडला तर काटा आत मोडतो. सासूबाईंसाठी बुटांबरोबर एक प्लास्टिकचं बुटकं स्टूलही घे, तिथल्या दुकानात मिळेल. सकाळी नऊच्या आत, ऊन यायच्या आधी, ते गुडघाभर पाण्यात ठेवायचं आणि त्यांना त्यावर बसवायचं. शेजारी तिथल्या आजीबाई असतीलच. डोक्यावर टोपी घालून, गळ्याइतक्या पाण्यात गोल उभ्या राहून तासन्‌तास गप्पा मारतात. त्यांतली एखादी सासूबाईंना काहीतरी विचारेल. पाणी कसं आहे, असंच असणार. 'टोप्लो' म्हणायचं, म्हणजे गरम आहे. जूनमध्ये ते तितकंसं नसतं, पण म्हणायचं.

तुझी,
मावशी